लक्ष कुठे आहे?



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एका घरचा कर्ता पुरुष अचानक गेला. मागे पत्नी, म्हातारी आई आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. आम्ही त्या आठवड्यात वार्षिक तपसाधनेसाठी बाहेरगावी होतो. दफनविधी आमच्या सहायक धर्मगुरूंनी केला. बातमी आम्हाला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर समजली. आम्ही लगेच सांत्वनाच्या दोन ओळी लिहिल्या, खाली हात जोडल्याचे चिन्ह टाकले आणि सायंप्रार्थनेला गेलो. (तपसाधनेत फोन पाहावा का, हा प्रश्न तुम्ही विचारण्याआधी आम्हीच स्वतःला विचारला आहे. उत्तर आमच्या बाजूचे नाही.) परत आल्यावर त्या घरी जायचे राहून गेले.

खरे सांगायचे तर आम्ही विसरलो नव्हतो. त्या घराविषयीचे आमचे काम झाले आहे, अशी मनाची समजूत झाली होती. दोन ओळी लिहिल्या होत्या ना!

दोन महिन्यांनी तो मुलगा बाप्तिस्म्याचा दाखला आणि कॉलेजसाठी आमचे पत्र न्यायला कार्यालयात आला. शिक्का मारता मारता आम्ही सहज विचारले, "घरी सगळे बरे आहे ना?" तो म्हणाला, "फादर, त्या दिवशी तीनशेच्या वर मेसेज आले. रात्री बसून मी सगळे वाचले. तुमचाही वाचला." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते आम्हाला जास्त लागले. मग तो थोडा थांबून म्हणाला, "झोपायला मात्र एकच जण आला." हा एकच जण म्हणजे त्याचा शाळेतला सोबती. दहावीनंतर शिक्षण सोडलेला, आता पाण्याच्या टँकरवर काम करणारा. तीन रात्री तो कामावरून थेट त्याच्या घरी यायचा, आईने दिलेला पेजेचा डबा आणायचा आणि बाहेरच्या खोलीत चटई टाकून झोपायचा. "काही बोलायचा का?" आम्ही विचारले. "नाही फादर. तो मुळातच कमी बोलतो."

जाताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याला दोन विषयांत केटी लागली होती. पुस्तक उघडले की हात फोनकडे जायचा. आधी वडिलांसाठी आलेले मेसेज पुन्हा वाचायचे, मग त्यातल्या एखाद्याचे स्टेटस, मग रील, मग रात्रीचे दोन.

हे सर्व त्याच्या परवानगीने लिहीत आहोत. नाव शोधण्याचा प्रयत्न कृपया कोणी करू नये.

कॉलेजात जाणाऱ्या मुलांविषयी पालक आमच्याकडे दोन तक्रारी घेऊन येतात. एक, मुले फोनमुळे अभ्यास करीत नाहीत. दुसरी, ती माणसांत मिसळत नाहीत. घरी पाहुणा आला तर मान वर करीत नाहीत, संध्याकाळच्या जपमाळेला अंगठा मण्यांवर आणि डोळा भलतीकडे. पालक या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजतात. पहिलीसाठी ते क्लास लावतात, दुसरीसाठी मुलाला युवक संघटनेत पाठवा असे आम्हाला सांगतात. आमचे मत असे की ही तक्रार एकच आहे. ते मत आम्ही कसे बनवले, ते सांगतो.

परंतु त्याआधी न्याय करायला हवा. म्हाताऱ्यांनी तरुणांच्या नव्या वस्तूला नावे ठेवणे ही फार जुनी सवय आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस एक गोष्ट सांगतो. एका देवाने लेखनकला शोधून काढली आणि ती तो इजिप्तच्या राजाला दाखवू लागला. राजाने तोंड वाकडे केले. या कलेमुळे माणसांची स्मरणशक्ती जाईल, लोक ज्ञानी होण्याऐवजी ज्ञानी दिसू लागतील, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की सॉक्रेटिसने स्वतः एक ओळही लिहिली नाही; लेखनाविरुद्धची ही तक्रार आपल्यापर्यंत पोहोचली ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणून. तेव्हा फोनवर टीका करताना आम्ही त्या राजासारखे दिसत असू, याची आम्हाला जाणीव आहे.

शिवाय या मुलांच्या हातात फोन दिला कोणी? सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, इंटरनेट जवळजवळ फुकट झाले, आणि जो तो नव्या फोनच्या मागे लागला, त्यात आपण मोठी माणसेही होतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा कॉलेजचे वर्ग फोनवर, परीक्षा फोनवर, आणि आपली रविवारची मिस्साही फोनवर. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी आपणच वर्गणी काढून फोन घेतले. तेव्हा जे वरदान होते ते चार वर्षांत शाप झाले असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. आजही वसईहून पहाटेच्या गाडीने मुंबईच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला वर्ग रद्द झाल्याचा मेसेज वेळेवर मिळाला, तर तिचे गाडीच्या गर्दीतले चार तास वाचतात. ही लहान गोष्ट नव्हे.

अभ्यासकांमध्येही एकमत नाही. 2007 साली अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्याच विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. फेसबुक वापरणाऱ्यांच्या ओळखीपाळखी वाढतात, आणि ज्यांना स्वतःविषयी फारसा विश्वास नसतो त्यांना याचा अधिक उपयोग होतो, असे त्यांना दिसले. 2019 साली इंग्लंडमधील दोन संशोधकांनी लाखो किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. पडद्यासमोरच्या वेळेचा मुलांच्या सुखदुःखाशी संबंध आहे, पण तो अगदी बारीक आहे, जवळजवळ बटाटे खाण्याच्या संबंधाइतका, असे त्यांनी लिहिले. बटाट्यांचे हे उदाहरण पुष्कळ गाजले. युवकांच्या सभेत ते सांगितले तेव्हा आम्हाला टाळ्या मिळाल्या. आमच्या बारा वर्षांच्या प्रवचनांना त्या कधी मिळाल्या नव्हत्या.

मात्र दुसरा एक अभ्यास आहे, तो आम्हाला अधिक विचार करायला लावतो, कारण तो नेमका कॉलेजच्या मुलांविषयी आहे. फेसबुक फेब्रुवारी 2004 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सुरू झाले. सुरुवातीला ते सर्वांसाठी खुले नव्हते. एकेका कॉलेजला प्रवेश मिळत गेला, आणि सप्टेंबर 2006 मध्ये ते सर्वांना खुले झाले. म्हणजे त्या अडीच वर्षांत अमेरिकेतील काही कॉलेजांत फेसबुक होते, काहींत नव्हते. तीन अर्थशास्त्रज्ञांनी ही संधी साधली. त्याच काळातील विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या पाहण्या मिळवून त्यांनी तुलना केली, आणि आपला निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध केला. जिथे फेसबुक पोहोचले तिथे विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य खालावले, आणि मनाच्या या अवस्थेचा आपल्या अभ्यासावर परिणाम झाला असे सांगणारे विद्यार्थी वाढले. कारण काय असावे? इतरांशी तुलना, असे पुरावे सुचवतात. लक्षात घ्या, तेव्हाचे फेसबुक किती साधे होते! 'लाइक'चे बटणही नव्हते. ते फेब्रुवारी 2009 मध्ये आले. रील नव्हते, खिशातला इंटरनेट नव्हता. कॉलेजच्या खोलीतल्या संगणकावर बसून दुसऱ्यांची छायाचित्रे पाहायची, एवढेच. आणि एवढेच पुरेसे झाले.

या अभ्यासात मन आणि पुस्तक एकाच वेळी बिघडलेले दिसतात. आम्ही ज्या एका तक्रारीविषयी बोलत होतो, तिचा धागा इथे हाती लागतो.

मराठी भाषेत 'लक्ष' हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. लक्ष द्यावे लागते, आणि लक्ष वेधलेही जाते. देणे हे आपल्या हातात असते. वेधणे दुसऱ्याच्या, बाणाने वेध घेतल्यासारखे. आई चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवते, शेजारणीला "जरा मुलाकडे लक्ष असू दे" म्हणते, आणि देवाला म्हणते, "आमच्या घरावर तुझे लक्ष असू दे." दूध, मूल आणि देव, तिन्ही ठिकाणी शब्द तोच. ज्याला आपण लक्ष देतो त्याला खरे तर आपण स्वतःचा एक भाग देत असतो. आणि ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो त्याला आपण शिवी दिलेली नसते, मारलेले नसते, तरी त्याला लागते.

सिमोन वेल नावाची एक फ्रेंच विदुषी होऊन गेली. जन्माने यहुदी, ख्रिस्ताकडे आणि आपल्या ख्रिस्तसभेकडे ओढलेली, तरी बाप्तिस्म्याच्या उंबरठ्यावर दीर्घकाळ थांबलेली. 1943 साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ती वारली. त्याच्या आदल्या वर्षी तिने शाळेतल्या अभ्यासाविषयी एक निबंध लिहिला. तिचे म्हणणे असे: विद्यार्थी भूमितीचे एक गणित घेऊन तासभर बसला आणि ते सुटले नाही, तरी तो तास फुकट गेला नाही. कारण त्या तासात त्याने लक्ष द्यायला शिकण्याचा सराव केला, आणि हेच लक्ष पुढे त्याच्या प्रार्थनेत उपयोगी पडेल. तेवढेच सांगून ती थांबत नाही. दुःखात पडलेल्या माणसाकडे खरे लक्ष देता येणे ही फार दुर्मीळ शक्ती आहे, आणि तीही याच सरावातून येते, असे ती म्हणते. गणित, प्रार्थना आणि दुःखी शेजारी. आईच्या दूध, मूल आणि देवासारखेच हे झाले.

सेमिनरीत हा निबंध वाचला तेव्हा आम्हाला तो अतिशयोक्तीचा वाटला होता. गणित सोडवणारे सगळे दयाळू असते तर काय पाहिजे होते! पण आता वाटते, तिने उलट बाजू सांगितली नाही, ती आपल्या डोळ्यांसमोर आहे. जो दहा मिनिटे एका पानावर राहू शकत नाही, तो दहा मिनिटे रडणाऱ्या मित्राजवळही राहू शकत नाही. त्याचे मन दुष्ट नसते. त्याला फक्त राहण्याची सवय उरलेली नसते. मित्र बोलता बोलता थांबतो, शांतता पडते, आणि त्या शांततेत हात आपोआप खिशाकडे जातो.

हल्ली वर्गात फळ्याचा फोटो काढतात. प्राध्यापक लिहून बाजूला झाले की पन्नास हात वर जातात, आणि पाच सेकंदांत धडा खिशात. ग्रुपवर सगळ्या वर्षाच्या नोट्स आहेत, म्हणजे अभ्यास जवळ आहे असे वाटते. आम्ही त्या घरासाठी दोन ओळी लिहिल्या, तेव्हा आमचे नेमके हेच झाले होते. सांत्वनाचा फोटो काढून खिशात ठेवला होता.

कोणी म्हणेल, मन भटकते हा दोष फोनचा कसा? बरोबर आहे. संत अगुस्तिन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या 'कबुलीजबाबा'त लिहून ठेवले आहे, की खेळाच्या मैदानावर कुत्रा सशाचा पाठलाग करतो ते पाहायला मी आता जात नाही, पण शेतातून जाताना तेच दृश्य दिसले तर मोठा विचारही सोडून मन तिकडे धावते. घरी बसलो असता पाल माशी पकडते ते पाहण्यात मी गुंगून जातो. (हे आमच्या शब्दांत सांगत आहोत.) कुत्रा-ससा आणि पाल-माशी! आजच्या रीलमध्ये याहून वेगळे काय असते? संत थॉमस अक्विनास यांनी यातलेच कुत्रा-सशाचे उदाहरण घेऊन पुढे एक विचार मांडला. जाणून घेण्याची इच्छा ही भुकेसारखी आहे. भूक चांगलीच, पण तिला लगाम हवा. तो लगाम म्हणजे 'अभ्यासूपणा' हा सद्गुण, आणि थॉमस त्याला संयमाच्या घरात जागा देतात. आम्हाला हे फार मार्मिक वाटते. अभ्यासू मुलगा म्हणजे हुशार मुलगा असे आपण समजतो. थॉमस म्हणतात, अभ्यासू म्हणजे संयमी. आणि आपल्यावर जे शिकण्याचे कर्तव्य आहे त्यापासून कमी मोलाच्या गोष्टीने ओढून नेणे, याला ते दोष मानतात, ती गोष्ट स्वतः वाईट नसली तरीही.

फरक एवढाच, की अगुस्तिनच्या शेतात ससा आपल्या जिवासाठी धावत होता. अगुस्तिनने पाहावे म्हणून कोणी त्याला सोडला नव्हता. आज ससे मुद्दाम सोडले जातात. पूर्वी संगणकावर पान संपले की पुढच्या पानासाठी बटण दाबावे लागे, आणि तेवढ्यात माणूस भानावर येई. 2006 साली आझा रास्किन या तंत्रज्ञाने पान कधी संपणारच नाही अशी रचना केली, आणि पुढे त्यानेच तिच्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. 2014 मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या. तेव्हापासून वाचून उत्तर न देणे हा अपमान झाला. आपल्या मुलांच्या लक्षावर कोणाचा तरी धंदा चालतो, म्हणून त्याचा वेध घेतला जातो. वेधणाऱ्याकडे हजारो हुशार माणसे आहेत, आणि समोर आपला अठरा वर्षांचा मुलगा एकटा, रात्री, पांघरुणात.

युवकांच्या सभेत एकाने उघड विचारले, "फादर, रील बघणे पाप आहे का?" सगळे हसले, आम्हीही हसलो, आणि "नाही" म्हणून पुढे गेलो. रात्री मात्र झोप लागली नाही, कारण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आपला धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो, की सवय आणि आसक्ती यांमुळे माणसाच्या कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते. म्हणजे जो मुलगा 'आता बंद करतो' म्हणत दोन वाजेपर्यंत बंद करू शकत नाही, त्याचा दोष कमी. हे ऐकून मुलांना हायसे वाटेल. आम्हाला वाटत नाही. दोष कमी का, तर स्वातंत्र्य कमी म्हणून. जबाबदारी उतरली असे वाटते तेव्हा खरे तर मालकी उतरलेली असते. पापाची क्षमा मिळते, त्यासाठी आम्ही शनिवारी संध्याकाळी बसलेलोच असतो. पण गेलेले स्वातंत्र्य दिवसादिवसाने, कष्टाने परत मिळवावे लागते. त्या मुलाला आम्ही द्यायचे उत्तर हे होते: "पाप आहे की नाही हे नंतर पाहू. तू ते बंद करू शकतोस का, ते आधी सांग."

आता मैत्रीविषयी. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'तील दोन पूर्ण खंड मैत्रीला दिले आहेत. उपयोगाची मैत्री, मौजेची मैत्री आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी राहिलेली मैत्री, असे तीन प्रकार तो सांगतो. पहिल्या दोन वाईट नाहीत, पण उपयोग संपला, मौज संपली की त्या संपतात. तिसरीला वेळ लागतो. आणि इथे तो आपल्या काळची एक म्हण देतो: बरोबर बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. खाल्ल्या मिठाला जागणारे आपण लोक, आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मीठ चिमूटभर लागते. बरेचसे मीठ संपायचे तर किती जेवणे एकत्र व्हायला हवीत!

ग्रुपवर मीठ खाता येत नाही. मौज होते, उपयोगही होतो, आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण आमच्या पाहण्यात असे आले आहे, की पाचशे-हजार अनुयायी असलेल्या मुलीला आजारपणात हॉस्पिटलात रात्री थांबायला कोणी मैत्रीण मिळाली नाही, शेवटी मावशी आली. कोणी वाईट नव्हते. प्रत्येकीने बदाम पाठवला होता. प्रत्येकीला वाटले होते, आपण भेटलो.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2009 च्या दळणवळण दिनाच्या संदेशात या नव्या साधनांचे मनापासून स्वागत केले होते, आणि मैत्री हा शब्द स्वस्त होऊ देऊ नका अशी सूचनाही केली होती. पोप फ्रान्सिस यांनी 2019 च्या संदेशात संत पौलाच्या इफिसकरांस पत्राचा आधार घेतला, आपण एकमेकांचे अवयव आहोत या वचनाचा. अवयव या शब्दावर आम्ही थांबलो. बोट कापले तर दुसरा हात संदेश पाठवीत नाही.

7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी दोन तरुणांना संतपद दिले. त्यातला कार्लो अकुटिस सर्वांना ठाऊक झाला. पंधराव्या वर्षी, 2006 साली वारलेला, संगणकाचा जाणकार, ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांचे संकेतस्थळ करणारा. आपल्या चर्चमध्येही त्याचे चित्र लागले. पण त्याच दिवशी संत झालेला दुसरा तरुण मागे राहून गेला, आणि कॉलेजच्या मुलांना तो जवळचा वाटावा. पिअर जॉर्जो फ्रासाती, जन्म 1901, इटलीतील तुरिन शहराचा. श्रीमंत बापाचा मुलगा. खाणकामगारांच्या जवळ राहता यावे म्हणून त्याने खाणीचे अभियांत्रिकी शिक्षण घेतले. अभ्यासात तो हुशार नव्हता. परीक्षा रखडल्या, केटीचे दुःख त्याला माहीत होते. मित्रांची टोळी जमवून तो डोंगर चढायला जाई, थट्टामस्करी करी, आणि बाकीच्या वेळी शहरातल्या गरिबांच्या खोल्यांवर जाई. जिना चढून, स्वतःच्या पायांनी. जुलै 1925 मध्ये, पदवी हातातोंडाशी आली असता, पोलिओने तो चोविसाव्या वर्षी वारला. अंत्ययात्रेला रस्ते गरिबांनी भरून गेले, आणि त्याच्या घरच्यांना तेव्हा कळले, की आपला मुलगा कुठे कुठे जात होता. त्याने घरी सांगितले नव्हते, जगाला तर नाहीच.

आपण काय करावे, असे काही पालक विचारतील. फोन काढून घ्यावा का? आम्हाला तो उपाय खरा वाटत नाही. काढून घेतलेले लक्ष पुस्तकाकडे जात नाही, ते दाराकडे जाते. 2018 साली अमेरिकेत काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितले होते. त्यांचा वेळ घरच्यांत आणि मित्रांत जास्त गेला, मन थोडे सुखावले. थोडेच, चमत्कार झाला नाही. पण त्यांनी ते आपण होऊन ठेवले होते. आपल्या घरी बापाने बातम्यांचा व्हिडिओ पाहत मुलाला "फोन ठेव" म्हणायचे, याला काय अर्थ? संध्याकाळी जपमाळेच्या वेळी सगळे फोन, बापाचा आणि आजीचाही, आतल्या खोलीत एका टोपलीत ठेवता येतील. काही घरांनी हे सुरू केले आहे. एका घरी आजीच सर्वांत आधी उठून टोपलीकडे जाते, असे समजते.

आणि विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगतो, की एक तास, एक पुस्तक, फोन दुसऱ्या खोलीत. कळले नाही तरी चालेल, बसा. ज्या दिवशी मित्राच्या घरी दुःख होईल त्या दिवशी हा तास तुमच्या उपयोगी पडेल.

त्या मुलाचे पत्र लिहून दिल्यावर आम्ही त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. दोन महिने उशिरा. काय बोलावे ते सुचत नव्हते. त्याच्या आजीने ओट्यावर खुर्ची दिली आणि सांगू लागली, की पूर्वी मयताची घंटा वाजली की शेतातली माणसे हातातले टाकून यायची, कोणाकडची घंटा ते विचारतच यायची. आता आधी फोनमध्ये बघतात कोण गेले, आणि मग ठरवतात. ती रागावून बोलत नव्हती. मग ती तिच्या मुलाविषयी बोलू लागली, लहानपणापासून. आम्ही फोन मोटारसायकलच्या डिकीत ठेवला होता. तो दोनदा वाजल्याचे आम्हाला नंतर समजले. अंधार पडू लागला तसा तो टँकरवाला सोबतीही आला, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला. सुनेने पेज वाढली. आम्ही चौघे जेवलो. पेजेत मीठ जरा कमी होते, ते आजीने मागून घेतले.